बोल्टच्या तोंडाचा फोटो

कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायच्या खात्यात, त्याला सगळे झीरो म्हणत. अक्कल झीरो म्हणून नव्हे. तो सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे लोखंड घासून सपाट करायच्या मशीनवर होता, आणि डायलचा काटा शून्यावर येऊन थांबल्याशिवाय नग हातावेगळा करायचा नाही. "एखादी रेघ इकडेतिकडे चालते की," असं सुपरवायझर म्हणाला, तर झीरो म्हणायचा, "तुम्हाला चालते. नगाला चालत नाही." छत्तीस वर्षं हे ऐकून तीन सुपरवायझर बदलून गेले. झीरो होता तिथंच.

निवृत्त झाला तेव्हा खात्यानं त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दिवसाला दोन मिनिटं मागं पडायचं. पहिल्याच आठवड्यात त्यानं ते खाली उतरवून उघडलं.

"अहो, ती भेट आहे," बायको म्हणाली. "तपासायला आलेला नग नाही."

"भेट असली म्हणून वेळ चुकीची सांगायची?"

त्याच्यात खोडी म्हणाव्या अशा दोन. अर्धवट काम त्याला बघवायचं नाही, ही एक. दुसरी म्हणजे कुणी काही समजावून सांगायला लागलं, की तिसऱ्या वाक्याला तो म्हणायचा, "कळलं." पहिल्या खोडीवर त्याचं नाव झालं. दुसरीनं त्याचा एक अख्खा आठवडा खाल्ला, त्याची ही गोष्ट.

एका सोमवारी भर दुपारी जावई दारात उभा राहिला. कामाचा दिवस, कामाची वेळ, आणि हातात जेवणाचा डबा. जावई दुसऱ्या एका कारखान्यात पॉवर प्रेस चालवायचा. पत्र्याची झाकणं दाबून काढायची, दिवसाला चार हजार. पंधरा वर्षं तेच.

"मामा, कामावरून थांबवलंय," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

झालं होतं असं. प्रेसचा जो जड ठोकळा वरून खाली येऊन पत्रा दाबतो, तो चार बोल्टांनी धरलेला असतो. त्यातला एक बोल्ट शनिवारी तुटला. ठोकळा तिरका उतरला आणि खालची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, फुटली. डाय महागाची. साहेब आले, त्यांनी फुटकी डाय बघितली, आणि म्हणाले, यानं घाईघाईत दोन पत्रे एकदम घातले, म्हणून जोर जास्त येऊन बोल्ट तुटला.

"घातले होतेस?" झीरोनं विचारलं.

"नाही."

"खरं सांग. मी साहेब नाही."

"मामा, दोन घातले असते तर डायमध्ये दोन सापडले असते ना? सापडला एकच. तर म्हणतात, दुसरा मी काढून लपवला."

"म्हणजे सापडला तर चोर, नाही सापडला तर महाचोर."

जावयानं डबा उघडला. आत फडक्यात गुंडाळलेला बोल्टचा अर्धा तुकडा होता. डोक्याकडचा अर्धा कंपनीनं ठेवून घेतला होता. हा खालचा अर्धा ठोकळ्यातच अडकून राहिला होता. जावयानं तो पकडीनं फिरवून काढला आणि डब्यात टाकला. जाडी सोळा मिलीमीटर. झीरोनं डोळ्याला लावायचं भिंग काढलं आणि तुकडा खिडकीशी नेला.

बोल्टचं तुटलेलं तोंड दोन प्रकारचं होतं. साधारण निम्मा भाग काळपट, तपकिरी आणि गुळगुळीत. त्यावर एकाआड एक बारीक वाकड्या रेघा, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा, आणि सगळ्या एकाच आट्याच्या खोबणीपासून निघालेल्या. उरलेला भाग चकचकीत आणि रवाळ, नुकत्याच फोडलेल्या साखरेच्या खड्यासारखा.

"हा त्या दिवशी तुटला नाही," झीरो म्हणाला. "हा कित्येक महिने तुटतोय. रोज थोडा थोडा. त्या दिवशी फक्त संपला."

"म्हणजे?"

"म्हणजे या रेघा आहेत ना, ही तड पुढं सरकल्याची खूण आहे. काळा भाग जुना, गंजलेला. चकचकीत भाग ताजा. जोरानं एका फटक्यात तुटला असता तर सगळं तोंड ताजं असतं."

जावयानं तुकडा हातात घेतला आणि नीट दिसावं म्हणून शर्टाच्या टोकानं पुसायला लागला. झीरो केवढ्यांदा तरी ओरडला. आतून बायको धावत आली.

"पुसू नकोस! तो गंज हाच तर तुझा साक्षीदार आहे!"

आता साक्षीदार होता, पण त्याला कोर्टात उभं करायची सोय नव्हती. चौकशी करणारा अधिकारी मुख्य कचेरीत, दुसऱ्या गावी. सगळा कारभार कागदावर. जावयाच्या हातात पत्र होतं: लेखी खुलासा पुढच्या बुधवारपर्यंत पोचावा, सुटे भाग पाठवू नयेत, आवश्यक असल्यास स्पष्ट छायाचित्र जोडावे. जावयानं मोबाइलवर एक फोटो काढून सकाळीच कारखान्यातल्या कचेरीत छापून दिला होता. कारकुनानं तो शेरा मारून परत केला: अस्पष्ट. झीरोनं तो बघितला. शेरा बरोबर होता. फोटोत बोल्ट जळक्या बटणासारखा दिसत होता.

खुलासा मान्य झाला नाही तर नोकरी जाणार होती. चाळिशी उलटलेल्या प्रेसवाल्याला, तेही डाय फोडल्याचा शिक्का बसलेल्याला, दुसरीकडं कोण दारात उभं करणार? मुलगी काही बोलली नव्हती, पण तिनं नवऱ्याला घरी न बोलावता इकडं पाठवलं, यातच काय ते आलं.

"फोटो मी काढतो," झीरो म्हणाला. त्यानं आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता.

पुतण्या लग्नाचे फोटो काढायचा. झीरोनं त्याला फोन लावला.

"काका, सोप्पं आहे. कॅमेऱ्याची फुल फ्रेम बॉडी पाहिजे, पंचेचाळीस मेगापिक्सेलवाली. बॉडी भारी असली की सगळं येतं."

"मला बोल्टचा फोटो काढायचाय. डोंगराचा नाही."

"अहो काका, पिक्सेल जास्त म्हणजे बारीक गोष्टी जास्त. माझी जादाची बॉडी आहे, ती पाठवतो. सोबत झूम लेन्स देतो. तिच्यावर मॅक्रो लिहिलेलंच आहे. मॅक्रो म्हणजे जवळचं."

मंगळवारी सकाळी पिशवी आली. कॅमेरा ग्राइंडरवर नग धरायच्या व्हाइसइतका जड. झीरोनं बोल्ट टेबलावर ठेवला, कॅमेरा स्टँडवर चढवला आणि जवळ न्यायला लागला. एका अंतरापर्यंत चित्र स्वच्छ. त्याच्या पुढं सुतभर नेलं की सगळं पुसट. आणि जिथं स्वच्छ होतं, तिथं एवढ्या मोठ्या चौकटीत बोल्ट मधोमध बसलेल्या माशीएवढा. मोठा करून बघितला तर रेघांच्या जागी भुरकट धूर.

"मॅक्रो म्हणे," झीरो म्हणाला. "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा."

पुतण्याला फोन लावला. त्याच्यामागं बँड वाजत होता. "काका, क्रॉप करा!" तो ओरडला आणि फोन बंद झाला.

गावात कॅमेरे भाड्यानं देणारं एक दुकान होतं. दुकानवाली पन्नाशीची बाई, गळ्यात चष्मा, काउंटरवर भिंगांची फळी. झीरोनं बोल्ट काढून समोर ठेवला. तिनं तो उचलला नाही, वाकून बघितला. हे त्याला आवडलं. मग तिनं विचारलं, "जाडी किती?" हे त्याला जास्त आवडलं. पुतण्यानं अजून हा प्रश्न विचारला नव्हता.

"सोळा."

"मग तुम्हाला एकास एक लेन्स पाहिजे. म्हणजे वस्तू आहे तेवढीच आत पाटीवर पडते. मोठ्या कॅमेऱ्यातली पाटी चोवीस बाय छत्तीस मिलीमीटर. लहान कॅमेऱ्यातली साधारण सोळा बाय चोवीस. तुमचा बोल्ट लहान पाटीवर काठोकाठ बसतो."

"म्हणजे बॉडी लहान घेतली तर काम मोठं दिसतं?"

"चौकट भरते. शिवाय बोल्ट काही पळत नाही, अंधारात लपत नाही. भारी बॉडी कशाला? ही जुनी न्या. मागचा पडदा बाहेर वळतो, मान मोडणार नाही."

झीरोनं जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी तिसरं वाक्य पुरतं ऐकलं होतं. पण गाडी लेन्सवर आली आणि खोडी जागी झाली. बाईनं दोन भिंगं काढली. एक आखूड, साठचं. एक लांब, शंभरचं.

"शंभरचं न्या," ती म्हणाली, "कारण—"

"कळलं. साठचं द्या."

ग्राइंडरवाल्याचा हिशेब असा, की हत्यार जितकं आखूड बाहेर काढावं तितकं ते घट्ट राहतं. लांब काढलं की थरथरतं. हे छत्तीस वर्षं खरं होतं, म्हणून भिंगालाही खरं असणार. बाईनं खांदे उडवले. "आणि हे ॲपर्चर—" ती म्हणायला लागली.

"छापील पुस्तक आहे ना? वाचतो."

घरी येऊन त्यानं पुस्तकातलं बॅटरीचं पान वाचलं. बाकीचं नंतर वाचू म्हणून ठेवून दिलं.

साठच्या भिंगानं बोल्ट चौकटभर दिसला. पण त्यासाठी भिंगाचं नाक बोल्टपासून चार बोटांवर न्यावं लागलं, आणि तेवढ्यात भिंगाचीच सावली बोल्टवर पडली. रेघा दिसायला उजेड बाजूनं, तिरका पाहिजे. ओरखडा शोधताना नग खिडकीकडं तिरका धरतात तसा. इथं दिवा घुसवायला जागाच नाही. बायकोनं बॅटरी धरून पाहिली, जावयानं आरसा धरून पाहिला. एकमेकांच्या कोपरांना लागून बोल्ट दोनदा खाली पडला.

"बाईनं लांबचं घ्या म्हटलं होतं ना?" बायकोनं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही आल्याबरोबर म्हणालात, ती लांबचं गळ्यात मारत होती."

बुधवारी झीरो शंभरचं भिंग घेऊन आला. एक वीत अंतर मिळालं. बाजूनं टेबल-लॅम्प लावला, समोरून पांढरा कागद उभा केला, सावली गेली. आता राहिली ती नंबरांची चकती. पडद्यावर आकडे होते: चार, साडेपाचच्या आसपास एक, आठ, अकरा, सोळा, बावीस, बत्तीस.

यात वाचायचं काय? पॉलिश पेपरला नंबर असतात. ऐंशीचा खरबरीत, दोनशेवीसचा बरा, सहाशेचा बारीक, हजाराचा आरशासारखा. नंबर जितका मोठा तितकं काम बारीक. त्यानं चकती फिरवून बत्तीसवर नेली, दोन सेकंदांचा टायमर लावला, श्वास धरला आणि फोटो काढला.

फोटोत सगळा बोल्ट होता. काठापासून काठापर्यंत, खड्डा आणि उंचवटा सारखाच. आणि सारखाच बोथट. ओल्या काचेतून बघावं तसा. रेघा होत्या असं वाटत होतं, पण बोट ठेवून दाखवता येईना.

"भिंग खराब आहे," झीरो म्हणाला.

इथून पुढं तीन दिवस जे चाललं, ते कुणाच्या वैऱ्यावरही येऊ नये. गुरुवारी सकाळी त्यानं ते भिंग परत करून दुसऱ्या कंपनीचं शंभरचं आणलं. तेही बोथट. संध्याकाळी तेही परत करून तिसरं आणलं, जुनं, धातूचं, जड. "पूर्वीची माणसं नीट बनवायची," असं म्हणत त्यानं ते चढवलं. तेही बोथट. प्रत्येक भिंगावर त्यानं पन्नास-साठ फोटो काढले. दिव्याचा कोन बदलला. स्टँडच्या पायांखाली रबर घातलं. पंखा बंद केला. बायकोला स्वयंपाकघरात कुटायची बंदी झाली. एकच नंबर होता जो बदलला नाही. तो आधीच सगळ्यात बारीकवर होता. त्याच्या पुढं जायला जागाच नव्हती.

पुतण्याला मोबाइलवर फोटो पाठवला. उत्तर आलं: बॉडी बदला.

"त्याला विचारलं की गाय दूध का देत नाही, तरी हा म्हणेल बॉडी बदला," झीरो म्हणाला.

बायकोनं कोथिंबीर निवडता निवडता म्हटलं, "तीन भिंगं झाली. नाचता येईना, अंगण वाकडं."

"तू गप बस."

"गप बसते. पण जावई बाहेरच्या खोलीत तीन दिवस नखं खातोय, त्याचं बघा."

जावयाचं खरंच वाईट होतं. तो दर तासाला येऊन पडद्यात डोकवायचा आणि निघून जायचा. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला, "मामा, मोबाइलचाच पाठवू का पुन्हा? खाली लिहू की नीट बघा म्हणून."

"आंधळ्याला नीट बघ म्हणून सांगायचं?"

"मग करायचं काय? बुधवार आला."

झीरोनं हातातला घास ताटात ठेवला. सगळं समोर होतं. खिडकीशी उभं राहून साध्या भिंगातून बघितलं की महिन्यामहिन्याची रेघ दिसत होती. आणि एवढं यंत्र मध्ये घातलं की तीच रेघ पळून जात होती. असं कधी झालं नव्हतं. यंत्र मध्ये आलं की काम सुधारतं, हा त्याचा जन्मभराचा अनुभव.

शनिवारी तो तिसरं भिंग घेऊन दुकानात गेला. या वेळी कॅमेऱ्यासकट, आणि भांडायच्या तयारीनं.

"हे पण बोथट," त्यानं काउंटरवर ठेवत सांगितलं.

दुकानवालीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "काका, या लेन्सवर माझं घर चाललंय. दागिने, नाणी, किडे, सगळं काढून नेतात लोक. तीन बोथट कशा असतील?"

"लॉट खराब असेल."

"तीन कंपन्यांचा एकच लॉट?"

बाईनं कॅमेरा चालू केला, एक फोटो उघडला, एक बटण दाबलं. फोटोच्या कडेला आकडे आले. तिनं दुसरा फोटो उघडला. तिसरा. मग तिनं हळूच कॅमेरा खाली ठेवला.

"बत्तीसवर कुणी ठेवलं?"

"मी."

"सगळे?"

"सगळे."

"का?"

"बारीक काम आहे म्हणून. मोठा नंबर, बारीक काम."

बाई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिनं काउंटरवर दोन्ही तळहात टेकले आणि म्हणाली, "काका, हा भिंगाच्या तोंडाचा नंबर आहे. नंबर मोठा म्हणजे तोंड लहान. आठला तोंड बऱ्यापैकी उघडं असतं. बत्तीसला टाचणीएवढं राहतं. एवढ्याशा भोकातून उजेड सरळ जात नाही, कडांना लागून पसरतो. म्हणून सगळंच पसरट येतं. भिंग सोन्याचं असलं तरी."

"हे आधी सांगायचं."

"मंगळवारी सांगायला लागले होते. तुम्ही म्हणालात, पुस्तक वाचतो."

झीरोचे कान तापले. टूलरूममध्ये नवीन माणूस आला की हाच झीरो त्याला पहिलं वाक्य सांगायचा: मशीनला हात लावण्याआधी पाटी वाच. ज्यांनी वाचली नाही, त्यांना त्यानं अख्ख्या खात्यासमोर फैलावर घेतलं होतं. आणि हा पॉलिश पेपर समजून दीड-पावणेदोनशे फोटो घासत बसला होता.

"आठवर ठेवून इथंच एक काढा," बाई म्हणाली.

बोल्ट खिशात होताच. काउंटरवर दिव्याखाली फोटो काढला. झीरो पडद्यावर वाकला. एक पट्टा होता, जेमतेम अर्धा-पाऊण मिलीमीटर खोलीचा. त्या पट्ट्यात रेघा अशा उभ्या राहिल्या होत्या, की नखानं मोजाव्यात. पट्ट्याच्या वरचं आणि खालचं मात्र पुसट.

"आता हे उरलेलं?" त्यानं विचारलं. या वेळी त्यानं तोंड बंद ठेवलं आणि बाईला शेवटपर्यंत बोलू दिलं. ते त्याला जड गेलं, पण त्यानं ठेवलं.

बाई म्हणाली, बोल्टचं तोंड सपाट नाही, दोन मिलीमीटर तरी वरखाली आहे. इतक्या जवळून एका फोटोत सगळी खोली मावत नाही. म्हणून कॅमेरा पाव-पाव मिलीमीटर पुढं सरकवत दहा-पंधरा फोटो काढायचे. प्रत्येकात एकेक पट्टा स्वच्छ येतो. मग संगणकावर सगळे स्वच्छ पट्टे एकत्र करायचे. लग्नवाल्या पुतण्याकडं तो प्रोग्राम असणार. अडचण एकच. कॅमेरा इतका मोजून सरकवायला एक सरकपट्टी लागते, आणि तिच्याकडची बाहेर गेली होती. गुरुवारी येणार.

"किती सरकवायचं म्हणालात?"

"पाव मिलीमीटर. हातानं जमत नाही हो ते."

पाव मिलीमीटर! झीरोच्या दृष्टीनं पाव मिलीमीटर म्हणजे मैदान होतं. त्यात बैलगाडी वळवता आली असती.

मागच्या खोलीत लोखंड कातायची एक जुनी लहान लेथ होती. टूलरूम मोडीत निघाली तेव्हा त्यानं ती घरी आणली होती. गेली चार वर्षं बायको तिच्यावर टॉवेल वाळत घालत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

रविवारी सकाळी टॉवेल उतरले. झीरोनं लेथच्या चकमध्ये, म्हणजे नग धरायच्या पकडीत, बोल्ट धरला, तुटलेलं तोंड बाहेर. हत्यार धरायच्या जागी एक पट्टी कसून तिच्यावर कॅमेरा बसवला. लेथची वरची स्लाइड हँडलनं पुढंमागं होते आणि हँडलपाशी मापाची चकती असते; एक रेघ म्हणजे मिलीमीटरचा विसावा भाग. चार रेघांना एक फोटो, असं त्यानं ठरवलं. पाव सांगितलं होतं, त्यानं त्याहून बारीक घेतलं. तेवढी हौस राहिलीच.

जावयाला बटणावर ठेवलं, स्वतः हँडलवर बसला.

"शून्य. दाब."

टिक.

"चार. दाब."

टिक. पाचव्या फोटोला जावयानं उत्साहानं पुढं येऊन विचारलं, "मी फिरवू का मामा?" आणि फिरवलं. एक रेघ जास्त गेली. त्यानं लगेच मागं घेतली.

"मागं का घेतलंस?"

"जास्त गेली होती."

"अरे, स्क्रूमध्ये ढिलाई असते! मागं फिरवलंस तर आकडा मागं येतो, स्लाइड तिथंच राहते. एकाच बाजूनं फिरवायचं. चल, पहिल्यापासून."

दुसऱ्या खेपेला नऊ फोटो झाले आणि बायको चहा घेऊन आली. पडद्यावरचं चित्र हललं.

"चालू नकोस!"

"मग काय उडत येऊ?"

"तिथंच उभी राहा."

"चहा गार होईल."

"होऊ दे. पहिल्यापासून!"

तिसऱ्या खेपेला चौदा फोटो पुरे झाले. बायको तोवर दारातच ट्रे धरून उभी होती. जावयानं तिच्या हातातून ट्रे घेतला. चहा गारच प्यायला सगळ्यांनी.

सोमवारी पुतण्यानं फोटो एकत्र केले. संध्याकाळी त्याचा फोन आला. नेहमीसारखा ओरडला नाही.

"काका, हे काय आहे? शिंपल्यासारखं दिसतंय. सुरू कुठून झालंय तेही दिसतंय. कुठली बॉडी वापरली?"

"तुझी नव्हे," झीरो म्हणाला. "जुनी. भाड्याची."

"लेन्स भारी असणार."

"भिंगही बोथट म्हणून परत करायला निघालो होतो तेच. ठेव फोन, आणि मोठ्या कागदावर छापून आण."

फोटोवर झीरोनं शाईनं तीन बाण काढले. इथून तड निघाली. हा जुना गंजलेला भाग. हा त्या दिवशी तुटलेला भाग. शेजारी मिलीमीटरची पट्टी. जावयानं खुलासा लिहिला, झीरोनं त्यातली अर्धी विशेषणं खोडली, आणि मंगळवारी सकाळी पाकीट घेऊन जावई स्वतः गाडीनं मुख्य कचेरीत गेला. पोच घेऊनच परतला.

त्यानंतर तीन आठवडे काही नाही. मग पत्र आलं. जावई ते घेऊन थेट सासऱ्याकडं आला, मुलगीही आली. जावयानं उभ्यानंच वाचलं: सदर बोल्ट पूर्वीपासून तडकलेला असल्याचे छायाचित्रावरून दिसून येते, सबब कामगारावरील आरोप मागे घेण्यात येत आहे, त्याने उद्यापासून कामावर रुजू व्हावे. मुलीनं डोळ्यांना पदर लावला. बायकोनं जावयाच्या पाठीवर थाप मारली.

"पुढं वाच," झीरो म्हणाला.

"पुढं सही आहे."

"बाकीच्या तीन बोल्टांचं काय लिहिलंय?"

"कुठले तीन?"

"ठोकळ्याला चार असतात असं तूच म्हणालास. एक तुटला. चारही एकाच दिवशी बसवलेले ना?"

"हो. पण त्या तुटक्याच्या जागी नवीन बसवलाय. प्रेस सुरू आहे, मामा. दुसरा माणूस चालवतोय."

झीरो खुर्चीतून उठला. "एवढा फोटो बघितला आणि एवढंच बघितलं? एकाला तड गेली तर बाकीचे काय दुधात न्हालेत? तो एक तुटला त्या क्षणी सगळा जोर या तिघांवर आला होता!"

"मामा, आत्ता कुठं परत घेतलंय. पहिल्याच दिवशी कटकट केली तर साहेब म्हणतील, आला शहाणा."

"म्हणू देत. तुझी नोकरी वाचवायला मी आठ दिवस घालवले. तुझा हात गेला तर त्याला कुठलं भिंग लावू?"

मुलीनं पदर खाली घेतला आणि नवऱ्याकडं बघितलं. जावयानं पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"बोल्ट काढून बघितल्याशिवाय पायडलवर पाय ठेवायचा नाही," झीरो म्हणाला. "फोटोची एक प्रत खिशात ठेव. विचारलं तर तोंडानं बोलू नकोस, फोटो पुढं कर."

दुसऱ्या दिवशी झीरोला काही सुचेना. घड्याळाकडं बघत तो बसला होता. पाच वाजता उठून दाराशी उभा राहिला. जावई साडेपाचला आला.

"काढले का?" झीरोनं दारातच विचारलं.

"आधी नाही म्हणाले. मग मी फोटो काढून प्रेसवर ठेवला आणि बाजूला उभा राहिलो. अर्धा तास. शेवटी फिटरला बोलावलं. पहिले दोन चांगले निघाले."

"आणि तिसरा?"

"पान्याला जोर द्यावाच लागला नाही. डोकं हातात आलं. काळं होतं मामा, अर्ध्याच्या पुढं काळं. साहेब बघत राहिले. चारही नवीन मागवलेत, उद्यापर्यंत प्रेस बंद."

झीरोनं हात पुढं केला. "दाखव."

"काय?"

"तुकडा."

"तो साहेबांनी ठेवून घेतला."

"दोन्ही अर्धे?"

"दोन्ही."

झीरोनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे, दोन्ही देऊन आलास? एवढं रामायण झालं आणि दोन्ही देऊन आलास? एक तरी डब्यात टाकायचा!"

"अहो," बायको आतून म्हणाली, "तो आला ना अख्खा घरी?"

"आला," झीरो म्हणाला. "पण तुकडा आणायला पाहिजे होता."